घोणशीचा दंश : चोवीस तास

शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या काठाने ऊस, उसाच्या पाल्यात उंदीर आणि उंदरांच्या मागावर घोणस. पुढचा घटनाक्रम कुणा एकाचा नाही. उपचाराला उशीर झाला की साधारण असंच घडतं.

सकाळी ६.०० : उसाच्या फडात तोडणी सुरू. पाल्यात पाय पडतो, पोटरीला डंख बसतो. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते.

७.०० : पाय सुजतो. घरचे वर दोरी आवळतात आणि मांत्रिकाकडे नेतात. इकडे विष रक्त गोठवणाऱ्या घटकांना उगाचच कामाला लावतं; ते भराभर संपू लागतात.

९.३० : हिरड्यांतून रक्त. आता कुठे दवाखाना.

१०.०० : कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. नळी कलती केली तर रक्त पाण्यासारखं वाहतं.

१०.३० : सलाईनमधून प्रतिविषाच्या १० कुप्या, तासाभरात. अ‍ॅलर्जी उसळलीच तर अ‍ॅड्रिनलीन हाताशी. कुपीत १० मिलिलिटर औषध. दर मिलिलिटर घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतं. म्हणजे १० कुप्यांत ६० मिलिग्रॅम. कुप्यांचा आकडा या हिशेबातून आला.

११.३० : औषध संपलं, काम चालू. घोड्याच्या रक्तातून काढलेले हे प्रतिपिंडांचे तुकडे किडनीच्या चाळणीतून जाण्याइतके लहान नसतात. त्यामुळे ते लघवीवाटे झटकन निघून जात नाहीत. ते विषाला चिकटतात आणि यकृत-प्लीहेतल्या पेशी ही जोडी गिळून टाकतात. गोठण घटक नव्याने बनवायला यकृताला सुमारे ६ तास लागतात.

सायंकाळी ४.३० : पुन्हा नळी. रक्त गोठलं. नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. पण सकाळपासून लघवी जेमतेम, तीही लालसर.

रात्री ११.०० : लघवी बंद. उतरलेला रक्तदाब, बारीक रक्तवाहिन्यांतल्या गुठळ्या आणि खुद्द विष यांनी किडनी आधीच जायबंदी केली आहे. प्रतिविष रक्तातलं विष पुसतं, झालेली इजा भरून काढत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ६.०० : क्रिएटिनिन चढलेलं, पोटॅशियम वाढतंय, त्याने हृदय थांबू शकतं. किडनीवाटे बाहेर पडणारी इतर औषधंही आता अंगात साचतील, म्हणून त्यांचे डोस कमी करावे लागतात. डायलिसिस सुरू.

घात मांत्रिकाकडे गेलेल्या तासांत झाला. दंश झाला की दोरी नको, चिरा नको, चोखणं नको. पाय हलू न देता १०८ ला फोन लावा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा.