चला, रग्बीच्या चिखलात उतरू या!

जाड स्वेटर घाला, आणि तो चिखलात गेला तरी हळहळ वाटणार नाही असाच निवडा. आपण इंग्लंडमधल्या रग्बी या गावी निघालो आहोत. साल 1845, नोव्हेंबरची दुपार. तुम्ही बारा वर्षांचे आहात आणि इथल्या प्रसिद्ध शाळेत नुकतेच दाखल झाला आहात.

आधी बूट शिवणाऱ्याच्या दुकानात डोकवा. नाकाला पहिल्यांदा भिडतो तो कमावलेल्या चामड्याचा वास. त्याच्या पाठोपाठ आणखी एक वास येतो, कच्च्या मांसाचा. डुकराच्या मूत्राशयात मातीच्या पाइपची नळी खुपसून कारागीर फुंकर घालतोय. गाल फुगलेत, चेहरा लालबुंद झालाय. फुगा मोठा होतो तसा त्याचा मूळचा आकार दिसू लागतो, ना धड गोल, ना धड लांबट. त्यावर चामड्याची खोळ चढते, वादी आवळली जाते आणि चेंडू तयार होतो. हे काम जिवावरचं आहे. याच गावातल्या रिचर्ड लिंडनची बायको असे फुगे फुंकता फुंकता फुप्फुसाच्या आजारानं गेली, असं सांगतात. रबरी ब्लॅडर पुढे त्यानंच आणला.

चेंडू काखेत मारा आणि मैदानावर पळा. त्याला इथं ‘क्लोज’ म्हणतात. एल्मची उंच झाडं, त्यांच्या ओल्या पानांचा कुबट वास, कान बधिर करणारा वारा. मुलं कोट आणि टोप्या काढून कुंपणाला अडकवतायत. एका बाजूला ‘स्कूल हाउस’ या वसतिगृहाची मुलं आणि त्यांच्यासमोर उरलेली अख्खी शाळा. खेळाडू मोजायच्या भानगडीत पडू नका. काही वर्षांपूर्वी राणी ॲडलेड सामना बघायला आली, तेव्हा 75 मुलांसमोर 225 उभी होती!

तुम्ही नवे आणि लहान, म्हणून तुमची जागा मागे, गोलपाशी. मान वर करून तो गोल नीट बघा. दोन उंच खांब आणि त्यांच्यामध्ये सुमारे 3 मीटर उंचीवर एक आडवी दांडी. चेंडू त्या दांडीच्या वरून गेला तरच गोल.

धप्प! पहिली लाथ बसली. चेंडू वर जातो, खाली येतो आणि शंभरेक मुलांच्या गराड्यात दिसेनासा होतो. खांद्याला खांदा, पाठीला छाती. दहीहंडीच्या सगळ्यात खालच्या थरात उभं राहिलं की असाच दाब बरगड्यांवर येतो. फरक एवढाच, की इथं समोरून तितकीच पोरं उलट रेटतायत. इतक्या थंडीत त्या घोळक्यातून वाफ निघतेय. धापा, आरोळ्या, चिखलात रुतलेले बूट उपसल्याचा ‘पचक’ आवाज. मध्येच कुणीतरी कळवळतं, नडगीवर लाथ बसलेली असते. ती नियमात बसते! मात्र गुडघ्याच्या वर मारायची नाही, टाचेनं मारायची नाही, आणि बुटाला बाहेर आलेले खिळे चालणार नाहीत. हे सगळं यंदाच कागदावर आलंय. एकूण 37 नियम, आणि ते लिहिलेत शाळेतल्याच मोठ्या मुलांनी.

तेवढ्यात ओरडा होतो, “ऑफसाइड!” एक मुलगा चेंडूच्या पुढे राहिलाय, म्हणजे तूर्तास तो खेळात नाहीच. त्यानं चेंडूला हात लावायचा नाही, कुणाची वाट अडवायची नाही. तो मुकाट्यानं मागे येतो. पंच कुठे आहे? पंच नाहीच. वाद झालाच तर दोन्ही कर्णधारांनी मिळून सोडवायचा.

आता सावध व्हा. चेंडू उसळतो, एक दांडगा मुलगा तो छातीशी झेलतो आणि धावत सुटतो. जमिनीवर पडलेला चेंडू उचलून पळणं मना आहे, उसळता झेलला तर मुभा आहे. तो थेट तुमच्याच दिशेनं येतोय! पायाखालची जमीन थरथरते. तुम्ही डोळे मिटून त्याच्या कमरेला मिठी मारता, फरफटत जाता, तोंडात गवत आणि माती. पण तो तुम्हाला घेऊनच गोलरेषा ओलांडतो आणि चेंडू जमिनीला टेकवतो.

गुण किती? शून्य! त्याच्या संघाला मिळाली ती फक्त गोलवर लाथ मारून बघायची संधी, म्हणजेच ‘ट्राय’. एक जण चेंडू धरतो, दुसरा मारायला येतो, आणि तुमचा सगळा संघ चेंडू अडवायला झेपावतो. लाथ बसते. चेंडू हाताहातांवरून, दांडीवरून पलीकडे जातो. गोल! एकच जल्लोष होतो.

सामना संपला असं समजू नका. निकाल लागेपर्यंत तो दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुढे चालतो. पाच दिवसांनीही कुणी जिंकलं नाही, किंवा तीन दिवसांत एकही गोल झाला नाही, तर बरोबरी.

परत निघण्याआधी विल्यम वेब एलिसची चौकशी करू नका. 1823 मध्ये त्यानं याच मैदानावर चेंडू हातात घेऊन धाव ठोकली, ही गोष्ट छापून यायला अजून तीसेक वर्षं आहेत. विश्वचषकाला त्याचं नाव आहे, पण खेळ घडवला तो चिखलातल्या या शेकडो मुलांनी.

आता वर्तमानात या आणि टीव्हीवर रग्बी लावा. संघ 15 जणांचे, वेळ 80 मिनिटं. नडगीवरच्या लाथा कधीच्या बंद झाल्यात. ट्रायला आता 5 गुण, आणि त्यानंतरची लाथ दांडीवरून गेली की आणखी 2. तो गराडा आठ-आठ जणांच्या शिस्तशीर स्क्रममध्ये उरलाय. चेंडू हातानं पुढे द्यायचा नाही, मागे किंवा बाजूलाच द्यायचा. त्यामुळे लाथ न मारता पुढे जायचं तर कुणालातरी चेंडू घेऊन अंगावर येणाऱ्यांना भिडावंच लागतं. रेफरीशी बोलायचं तर तेही कर्णधारानंच.

नियमांचं पुस्तक मागाहून वाचा. मुंबईत आझाद मैदानाला लागून असलेल्या बॉम्बे जिमखान्यात भर पावसाळ्यात रग्बी रंगते. एकदा तिथला सामना बघा. पहिल्या दहा मिनिटांत फक्त चेंडू कुणाच्या हातात आहे आणि त्याच्या मागे कोण धावतंय, एवढंच पाहत राहा. बाकीचा खेळ आपोआप उलगडत जाईल.