दोन मुलांच्या दोन वाटा



थोरामोठ्यांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायची आपल्याकडे जुनी चाल आहे. टिळकांच्या टरफलांची गोष्ट माहीत नाही असा मुलगा महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. ती गोष्ट सांगून झाली की आपण लगेच फळ्याकडे वळतो आणि लिहितो, 'बोध : खरे बोलावे.' मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि घंटा होते. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. पण पुढं थोरांची स्वतः लिहिलेली चरित्रं वाचायला लागलो, तेव्हा ध्यानात आलं की लहानपणी सोसलेल्या प्रसंगाचा अर्थ त्या मुलाला त्या दिवशी कळलेलाच नसतो. तो सल होऊन आत राहतो आणि पुष्कळ वर्षांनी मोठा झालेला माणूस त्याच्याकडे परत जातो. आज मी अशा दोन मुलांविषयी बोलणार आहे. दोघांचाही दापोलीच्या मुलखाशी संबंध, आणि दोघांचाही प्रवास सातारा जिल्ह्यातला.

पहिला मुलगा दापोलीजवळच्या समुद्रकाठच्या मुरूडचा, धोंडो केशव कर्वे. जन्म 18 एप्रिल 1858 चा. घरची गरिबी. त्या काळी मराठी सहावीची परीक्षा दिली की मास्तरकीची वाट मोकळी व्हायची, पण परीक्षेला वयाची सतरा वर्षं पुरी असावी लागत. 1875 साली, ऐन पावसाळी हवेत, तो काही सोबत्यांबरोबर साताऱ्याला परीक्षेसाठी निघाला. कसा? तर पायी. शंभर मैलांहून जास्त वाट, मध्ये सह्याद्रीचा घाट, पाठीवर वळकटी. पायांचे तुकडे पडायची वेळ आली तेव्हा सातारा दिसलं. आणि तिथं परीक्षेच्या साहेबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पोर अंगानं किरकोळ. सतरा वर्षांचा दिसत नाही, म्हणाले, आणि परीक्षेला बसू दिलं नाही. दाखला होता, वय पुरं होतं, पण चालला तो साहेबांचा डोळा.

आपण या गोष्टीखाली 'चिकाटी' असं लिहून मोकळे होतो. मला ते पुरेसं वाटत नाही. चिकाटी होतीच, पुढच्या खेपेला कोल्हापूरला जाऊन तो ती परीक्षा पास झाला. पण दाराशी आलेल्याला आत न घेणं म्हणजे काय, हे त्याला साताऱ्यात कळलं, त्याचं काय? कर्व्यांचं पुढचं सगळं आयुष्य अशी दारं उघडण्यात गेलं. 1893 साली त्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्याच मुरूडनं त्यांना वाळीत टाकलं. 1896 साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. तो पुण्याजवळ हिंगण्याला गेला, तेव्हा कॉलेजातलं शिकवणं उरकून हे गृहस्थ चिखल तुडवीत रोज हिंगण्यापर्यंत चालत जात. 1916 साली महिला विद्यापीठ झालं. आणि ज्याकडे आपलं लक्ष जात नाही ते हे, की वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, 1936 साली, त्यांनी ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथं शाळा निघाव्यात म्हणून एक मंडळ स्थापलं. खेड्यातल्या पोराला परीक्षेसाठी किती चालावं लागतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

आता दुसरा मुलगा. हा अगदी लहानपणी काही काळ दापोलीत होता, मग कुटुंब साताऱ्याला आलं. वडील लष्करातले पेन्शनर. भीमराव त्याचं नाव. 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्याचं साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात नाव घातलं गेलं. महाराष्ट्रात आपण तो दिवस 2017 पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो.

1901 सालचा उन्हाळा. आई वारलेली. वडील खटाव तालुक्यात खजिनदाराच्या कामावर होते. दुष्काळानं पिचलेल्या लोकांना काम मिळावं म्हणून सरकार तिथं तलाव खोदत होतं. वडिलांनी मुलांना सुट्टीत बोलावलं. भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीचे दोन मुलगे, अशी चार पोरं निघाली. नवे सदरे, नव्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं! सुट्टीला बापाकडे निघालेल्या पोरांचा आनंद मी काय वर्णन करू? आगगाडीनं मसूर स्टेशनवर उतरले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. घ्यायला कोणीच नाही. वडिलांना पत्र धाडलं होतं, पण नोकरानं ते त्यांना दिलंच नव्हतं.

स्टेशनमास्तरांनी चौकशी केली. पोरं चांगल्या कपड्यांतली, त्यांना वाटलं ब्राह्मणांची असावीत. मुलांनी निरागसपणे सांगून टाकलं की आम्ही महार. मास्तरांचा चेहरा पालटला. बाहेर बैलगाड्या पुष्कळ होत्या, पण कोणी गाडी देईना. शेवटी तोड निघाली ती अशी, की भाडं दुप्पट द्यायचं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान शेजारून पायी चालणार.

वाटेत नदी लागली. डबा होता, पण नदीत पाणी म्हणजे शेणामुतानं घाण झालेली डबकी. अर्धपोटी उठून पोरं पुढं निघाली. अंधार पडला तसा तो गाडीवान गुपचूप गाडीत चढून त्यांच्या शेजारी बसला! विटाळ होईल म्हणून पायी चालणारा तो हाच. पोरं चकित झाली. मीही वाचताना थांबलो होतो. रात्री टोलनाक्याशी गाडी सोडली. गाडीवानानं सल्ला दिला की पाणी मागताना आम्ही मुसलमान आहोत असं सांगा. भीमरावानं चांगल्या उर्दूत मागितलं. टोलवाल्यानं तोडून टाकलं की तुमच्यासाठी इथं पाणी भरून ठेवलेलं नाही, हवं तर डोंगरावर जा. डब्यात अन्न होतं, पण पाण्याशिवाय घास उतरेना. पोरं तशीच गाडीत निजली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता वडिलांच्या दारात पोचली.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी ही हकीगत 1935-36 च्या सुमारास इंग्रजीत लिहून ठेवली. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी माणसाला समजावून सांगणं कठीण, म्हणून त्यांनी प्रसंग सांगितले. ते लिखाण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं त्यांच्या मागं, 1990 साली, छापून आलं. त्यात एक कबुली आहे, ती शिक्षकांनी फार लक्ष देऊन वाचावी. या प्रवासाच्या आधीही आपण अस्पृश्य आहोत हे मुलाला ठाऊक होतं. शाळेत बसायला वेगळं गोणपाट, ते रोज घरून न्यायचं. तहान लागली तर शिपायानं नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला की तसंच राहायचं. केस कापायला न्हावी नाही, घरी बहीणच कापायची. पण हे सगळं त्याला रोजचंच वाटत होतं, जसं ऊन-पाऊस. त्या रात्रीनं मात्र त्याला विचार करायला लावलं.

मला इथं खरा मुद्दा दिसतो. अन्याय रोज अंगवळणी पडला की मुलाला तो दिसत नाही, आणि शिक्षकालाही नाही. गोणपाटावर बसलेलं पोर शांतच दिसतं.

त्या एका रात्रीच्या तहानेतून महाडचं चवदार तळं निघालं, असं सोपं गणित मी मांडत नाही. मधे कोलंबिया आहे, लंडन आहे, बडोद्यातला अपमान आहे, हजारो माणसांचं दुःख आहे. पण 20 मार्च 1927 रोजी महाडला त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं तेव्हा पाणी न मिळाल्याची आठवण त्या ओंजळीत नव्हती, असंही कोणी म्हणू नये. तळ्याचा खटला पुढं दहा वर्षं चालला; हायकोर्टाचा निकाल 1937 साली लागला.

कर्वे आणि आंबेडकर यांचे प्रवास शेजारी ठेवले की आणखी एक गोष्ट दिसते. कर्व्यांचे पाय सुजले, परीक्षा हुकली, पण वाटेत पाणी कोण देईल हा प्रश्न त्या मुलापुढं उभा नव्हता. गरिबी दोघांच्या मुलखात होती. तहान एकट्याच्याच वाट्याला होती.

मी हा पाठ घेतला तेव्हा बोध लिहिला नाही. जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावला, मुरूडकडून साताऱ्याला येणारी वाट एका रंगानं आणि साताऱ्याहून मसूरवरून खटावकडे जाणारी दुसऱ्या रंगानं काढायला सांगितलं. मुलांनी बोटांवर तास मोजले. संध्याकाळी पाच ते दुसऱ्या दिवशी अकरा, म्हणजे अठरा तास. मग मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "गुरुजी, त्या टोलवाल्याकडं खरंच पाणी नव्हतं का?"

तास संपेपर्यंत वर्ग त्याच प्रश्नावर भांडत होता.