शिडाचे टाके

धामापूर म्हटले की तलाव आठवतो. विजयनगरच्या अमदानीत, १५३० साली, मांडलिक नागेश देसाई यांनी बांधलेला तो जलाशय व त्याच्या काठचे भगवतीचे देऊळ यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. २०२० साली जागतिक वारसा सिंचनस्थळांतही त्याची गणना झाली. परंतु या परिसराला दुसरेही एक पाणी आहे. जवळून वाहणारी कर्ली नदी खाडीचे रूप घेऊन देवबागपाशी समुद्राला मिळते. तलावाचे पाणी माणसाला शेताशी बांधून ठेवते. खाडीचे पाणी त्याला घराबाहेर नेते. या दुसऱ्या पाण्यावर ज्यांची हयात गेली, त्या खलाशांच्या नित्याच्या जीवनातील एका उपेक्षित कामाकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. ते काम म्हणजे शिवणकाम.

जमिनीवर सुई बहुधा स्त्रीच्या नाही तर शिंप्याच्या हाती असते. गलबतावर मात्र ती तांडेलापासून पोरसवदा खलाशापर्यंत प्रत्येकाच्या हाती असे, आणि तिच्यावर सर्वांचे प्राण अवलंबून असत. ही अतिशयोक्ती नव्हे. पूर्वी आपल्या समुद्रात फिरणारी कित्येक जहाजे मुळात शिवलेलीच होती! फळ्यांच्या कडांना भोके पाडून, सांध्यावर काथ्याची भर ठेवून, त्या काथ्याच्याच दोरीने एकमेकींशी घट्ट शिवीत. लोखंडाचा खिळा नाही. फ्रान्सिस्कन धर्मगुरू मोन्तेकोर्विनोचा योहान (जो पुढे पेकिंगचा महाधर्मप्रांताधिपती झाला) याने तेराव्या शतकाच्या अखेरीस भारतातून धाडलेल्या पत्रात या जहाजांची चांगलीच टर उडविली आहे. कपडा शिवावा तशी ती सुताने शिवतात, सूत तुटले की भगदाड पडते, म्हणून दरवर्षी डागडुजी करावी लागते आणि शिडे चटईची किंवा हलक्या कापडाची असतात, असा त्याचा एकंदर अभिप्राय. पुढे १३२१ साली ठाण्यास चार फ्रान्सिस्कन हुतात्मे झाले. त्यांच्या अस्थी घेण्यास आलेला पोर्देनोनेचा ओदोरिक हा होर्मुझहून अशाच एका जहाजाने निघाला. त्यात लोखंड म्हणून कोठे आढळले नाही, असे तो नोंदवतो. आणि तरीही ते जहाज अठ्ठावीस दिवसांत ठाण्याला सुखरूप पोहोचले. योहानाच्या थट्टेला ओदोरिकाचा प्रवास हे पुरेसे उत्तर आहे, असे मला वाटते. शिवलेले तारू लाटेबरोबर किंचित वाकते, वाळूवर आपटले तरी चटकन फुटत नाही. म्हणूनच मोठ्या गलबतांना खिळे आल्यानंतरही आपल्या किनाऱ्यावरील उलांडीच्या होड्या, विशेषतः रापणीच्या, दीर्घकाळ काथ्यानेच शिवल्या जात होत्या.

शिडाचे शिवणकाम निराळे. पतेमारी असो वा मचवा, शीड सुती कापडाच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना जोडून करीत. अरुंद यासाठी, की मागाचा पन्हा तेवढाच. पण त्यात एक शहाणपणही होते. कापड एका ठिकाणी फाटले तर ती फाट बहुधा पुढच्या शिवणीशी येऊन थांबते. चारही कडांना दोर घालून दुमड शिवायची, कारण वाऱ्याचा सारा ताण कडांवर येतो. सुई म्हणजे दाभण. दोरा मेणावरून ओढून घेतलेला, म्हणजे तो कापडातून सुलभ सरकतो आणि पाण्याने लवकर कुजत नाही. टाके फार जवळ घातले तर कापड भोकाभोकांनी दुबळे होते, लांब घातले तर शिवण उघडते. हे अंतर कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते बोटांना ठाऊक असे.

आणि सुती शिडाचे शत्रू किती! ऊन, खार, दव, बुरशी. ओले शीड गुंडाळून ठेवले तर काही दिवसांत त्यावर काळे डाग धरतात. म्हणून वारा पडला, नांगर टाकला, की खलाशी विश्रांती घेत असतील असे आपणास वाटावे. प्रत्यक्षात कोणी शीड वाळवीत असे, कोणी ठिगळ लावीत असे, कोणी दोर गाठीत असे. पलीकडे वाळू घातलेल्या लाकडी खोक्यातील चुलीवर भात शिजे. सोबत सुके मासे, कुळथाची पिठी, सोलांची कढी. गोडे पाणी मोजून. निजणे फळ्यांवर, उशाला दोराचे वेटोळे. अंगावरची बंडी फाटली तर तीही त्याच हातांनी, कधी त्याच दाभणाने शिवायची. मत्तयाच्या शुभवर्तमानात याकोब व योहान हे बंधू पित्यासह तारवात जाळी नीट करीत बसलेले असताना त्यांना पाचारण होते. त्या प्रसंगावर प्रवचने देणाऱ्या आम्हा मंडळींनी जाळ्याकडे जरा अधिक निरखून पाहिले असते तर बरे झाले असते. फाटके जाळे हा त्या घराचा बुडालेला दिवस असतो.

पावसाळ्यात हे जग किनाऱ्यावर येई. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सुमारे १७१५) आरमारासंबंधी जे प्रकरण आहे, त्यात समुद्र खवळण्यापूर्वी दहापंधरा दिवस आधीच जहाजे छावणीस आणावीत, दरवर्षी एकाच बंदरात ठेवू नयेत, असे बजावले आहे. रयतेची आंब्याफणसाची झाडे तिच्या राजीखुशीविना तोडू नयेत, हेही त्यातच. छावणीचे हे महिने डागडुजीचे. व्यापारी गलबतांचेही तेच. तळाला उंडीचे किंवा माशाचे तेल, फटींत कापूस, झावळ्यांचे छप्पर आणि ओटीवर पसरलेले शीड. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र उघडला की पावसाळ्यात घातलेल्या टाक्यांची परीक्षा सुरू होई. मंगळुरी कौले, भात, मीठ, सुके खोबरे असा माल या टाक्यांच्या भरवशावर किनाऱ्याने वरखाली जात राहिला. बंदरांच्या दप्तरांत मालाचे व जकातीचे आकडे सापडतात. शीड कोणी शिवले हे कारकून कशाला लिहील? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रे आली, नायलॉन आले, ओटीवरचे शीड गेले आणि त्याबरोबर टाक्यांमधले ते अंतर जाणणारी बोटेही एकेक करून गेली.

गोव्याच्या दिवाडी बेटावर मात्र या कथेला अनपेक्षित वळण मिळाले आहे. रत्नाकर दांडेकर यांनी तेथे बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१७-१८ मध्ये 'तारिणी'वरून नौदलाच्या सहा स्त्री अधिकाऱ्यांनी २५४ दिवसांत तीच वाट चालून दाखविली. घरातील सुई स्त्रीची आणि शिडाची सुई पुरुषाची, ही जुनी वाटणी तेव्हाच मोडली म्हणायची. त्याच बेटावर सप्टेंबर २०२३ मध्ये अजिंठ्याच्या चित्रावरून एक जहाज बांधावयास घेतले गेले. फळ्या काथ्याने शिवण्यासाठी केरळातून बाबू शंकरन व त्यांचे सहकारी कारागीर आले. मे २०२५ मध्ये कारवारला हे जहाज 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले. त्याची शिडे चौकोनी आहेत. आपल्या पतेमारीच्या तिरक्या शिडाचे टाके कोणी घालून दाखवील काय, हे विचारण्यासाठी मालवणच्या किनाऱ्यावर आता फार थोडी घरे उरली आहेत.