ड्रॉबॅकची दोन घराणी

आयात मालावर भरलेली जकात, तो माल पुन्हा देशाबाहेर गेल्यावर परत मिळते. कस्टम्सच्या व्यवहारात या परताव्याला ‘ड्रॉबॅक’ म्हणतात. त्याची कुळकथा सहसा इंग्लंडच्या १६६० च्या जकात कायद्यापासून सांगतात. माल जसाच्या तसा परत बाहेर पाठवला, तर निम्मी जकात परत मिळे. मुदत इंग्रज व्यापाऱ्याला बारा महिने, परक्याला नऊ. अमेरिकी तंबाखूचा व्यापार या सवलतीवर पोसला गेला. ॲडम स्मिथच्या हिशेबाप्रमाणे वर्षाला ९६,००० पिंपे घेतली जात आणि त्यांतली ८२,००० ब्रिटनच्या गरजेबाहेरची होती. हाच वंश भारतात १८७८ च्या सागरी जकात कायद्याने आला: परतावा सात-अष्टमांश. १९६२ च्या कायद्याच्या कलम ७४ ने तो ९८ टक्के केला. अट जुनीच राहिली: तोच माल ओळखता आला पाहिजे.

कलम ७५ मात्र या वंशावळीत बसत नाही. तिथे बाहेर जातो तो तयार माल. आयात केलेला कच्चा माल त्यात मुरून गेलेला असतो, मग ओळख कशाची पटवणार? याचा उगम तंबाखूत शोधण्यापेक्षा बंदुकीच्या दारूत शोधणे अधिक सयुक्तिक आहे. दारूच्या निर्यातीवर ब्रिटिश सरकार बक्षिसी देई. १७७६ मध्ये स्मिथने दाखवून दिले, की ही बक्षिसी म्हणजे गंधक आणि सोरा यांवरच्या आयात जकातीचा परतावाच आहे. तो सोरा मोठ्या प्रमाणावर बिहारमधून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी जाई. साखर आणि रेशमी कापड यांचाही न्याय हाच. जकात खाते मात्र जशाच्या तशा परत जाणाऱ्या मालापुरताच ‘ड्रॉबॅक’ शब्द वापरी, म्हणून हे दुसरे घराणे बक्षिसीच्या नावाखाली झाकले गेले.

ते उघड झाले ४ जुलै १७८९ च्या अमेरिकी जकात कायद्यात. आयात मिठावर बुशेलमागे ६ सेंट जकात होती. खारवलेल्या मासळीत कोणते मीठ किती मुरले, हे मोजणार कोण? काँग्रेसने मोजण्याचा नादच सोडला आणि निर्यात होणाऱ्या सुक्या मासळीला क्विंटलमागे ५ सेंट, खारवलेल्या मासळीला पिंपामागे ५ सेंट असा ठोक दर बांधून दिला. ही न्यू इंग्लंडच्या कोळ्यांना दिलेली मदत होती, असा प्रतिवाद करता येतो; १७९२ मध्ये ती रक्कम थेट मासेमारी नौकांकडे वळलीही. पण १७८९ च्या कलमात ती मिठावरच्या जकातीच्या ड्रॉबॅकऐवजी देत असल्याचे स्वच्छ लिहिले आहे.

कलम ७५ खालचे ‘ऑल इंडस्ट्री रेट’ याच युक्तीवर चालतात. त्या उद्योगात सरासरी किती कच्चा माल आणि किती कर लागतो, हे पाहून सरकार दर ठरवते. निर्यातदाराला प्रत्येक खेपेचा हिशेब द्यावा लागत नाही. हा दर प्रत्यक्ष भरलेल्या करांच्या ८० टक्क्यांहून कमी पडला, तर तो कागदपत्रे देऊन स्वतःपुरता ‘ब्रँड रेट’ मागू शकतो.