मॅकमधली विंडोज आणि काकांची फाइल

मंडळी, दिवाळीत देगलूरला गेलो होतो. माळ्यावर माझा जुना पांढरा मॅकबुक सापडला आणि एक जुनी खटपट आठवली.

काकांचं छोटं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, आणि फावल्या वेळात टाइप केलेल्या आजोबांच्या आठवणी, म्हणजे 1948 पर्यंतचं निजामी राजवटीतलं देगलूर. सगळं विंडोजवरच्या एका मराठी सॉफ्टवेअरमध्ये. एक दिवस काकांचा पीसी बसला. बॅकअपची सीडी होती, पण घरात चालू मशीन फक्त माझा मॅक!

आता थोडा इतिहास. जानेवारी 2006 मध्ये ॲपलने इंटेल प्रोसेसरचे पहिले मॅक आणले. प्रोसेसर पीसीसारखाच, तरी एक्सपी चालेना. का? पीसी सुरू व्हायचा बायोसवर, मॅक ईएफआयवर, आणि एक्सपीला कळायचं फक्त बायोस. आमच्या बाजारात एक जण तेलुगू बोलतोय, दुसरा मराठी, आणि मध्ये दुभाषा नाही, तसंच. कॉलिन नेडरकोर्न नावाच्या पठ्ठ्याने यावर बक्षीस लावलं. लोकवर्गणीने ते 13,000 डॉलरच्या वर गेलं आणि मार्चमध्ये दोघांनी ते जिंकलंसुद्धा. 5 एप्रिल 2006 ला खुद्द ॲपलने बूट कॅम्पची बीटा आणली. सोबतच्या फर्मवेअर अपडेटने मॅकला बायोसची भाषा शिकवली. दुभाषा मिळाला!

तरी माझं घोडं अडलंच. पहिली चूक: माझी एक्सपीची सीडी जुनी. सर्व्हिस पॅक 2 असलेली, अपग्रेडची नव्हे तर पूर्ण सीडी लागते. ती मिळवली. दुसरी चूक: पार्टिशन निवडल्यावर फॉरमॅट न करता 'आहे तसंच ठेवा' म्हटलं. रीस्टार्ट केल्यावर काळ्या पडद्यावर 'डिस्क एरर'. मॅकने आखलेल्या जागेवर विंडोजला आपली मांडणी स्वतःच करावी लागते. पुन्हा पहिल्यापासून, या वेळी फॉरमॅट करून. चाललं!

मग मजकूर युनिकोडमध्ये काढायला घेतला, तर वेलांट्या भलतीकडेच. काका म्हणाले, "बाळा, ह्याला मराठी येतं का न्हाई?" येत होतं, पण कंट्रोल पॅनेलच्या रीजनल सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करून परत सीडी घालावी लागली. रात्री दोनला आजोबा पडद्यावर नीट उमटले. काका वाचत बसले, मी झोपलो.

काका आता नाहीत. नोव्हेंबर 2020 पासूनच्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकवर बूट कॅम्पही नाही. तिथे एआरएमची विंडोज दुसऱ्या प्रोग्रामच्या आत चालते. जुने प्रोग्राम बरेचदा चालतात, पण कॉपी-लॉकसारख्या गोष्टींचे जुने ड्रायव्हर चालत नाहीत.

थोडक्यात काय, घरात जुन्या फाँटमधल्या फाइली असतील तर त्या उघडणारं मशीन चालू आहे तोवर युनिकोडमध्ये करून घ्या. आमच्याकडे आजोबा वाचले, पत्रिका मात्र राहूनच गेल्या.

असो. माळ्यावरचा मॅक खाली काढलाय. चार्जर शोधतोय.