गीता प्रवचने

विनोबा भावे (१८९५–१९८२) यांचा मराठी ग्रंथ. विनोबांचा जन्म पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत धुळे तुरुंगात असताना त्यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. सहबंदी साने गुरुजींनी ती उतरून घेतली.

त्याआधी १९३०–३१ मध्ये विनोबांनी गीतेचा समश्लोकी अनुवाद ‘गीताई’ रचला होता. त्यामागे संस्कृत न समजणाऱ्या आईची इच्छा होती. प्रवचनांची भाषाही घरगुती दृष्टांतांची, बोलीच्या लयीची आहे. कर्म, विकर्म व अकर्म या संज्ञांचे विवरण हा त्यांचा गाभा.

परकीय सत्तेच्या कैदेत लोकभाषेतून स्वपरंपरेचा नवा अर्थ लावणे, हे या ग्रंथाचे सांस्कृतिक वैशिष्ट्य होय. ज्ञानेश्वरांनी संस्कृतातील ज्ञान मराठीत आणले, त्याच वाटेवरचा हा पुढचा टप्पा. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (लेखन १९३३, नाशिक तुरुंग) हीदेखील याच कारावासी साहित्यातील. स्वातंत्र्यानंतर भूदान चळवळीच्या (१९५१) पदयात्रांमधून ‘गीता प्रवचने’ अनेक भारतीय भाषांत पोहोचली.