निनादाचा हिशेब : तीन सेकंदांच्या घुमाऱ्याची किंमत

१/
मंदिराच्या गाभाऱ्यात घंटेचा टोला एकच पडतो; परंतु भिंती, छत आणि खांब यांवरून परतणारे हजारो प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून तो कितीतरी वेळ घुमत राहतो. स्टुडिओच्या भाषेत हाच रिव्हर्ब, अर्थात निनाद. हा निनाद संगणकात आणताना एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या छळत राहिला : आवाज किती खरा हवा, आणि त्यासाठी यंत्राची किती शक्ती खर्चावी?

२/
आरंभी ही किंमत जागेच्या रूपाने मोजावी लागे. १९४७ मध्ये शिकागो येथे ध्वनिमुद्रक बिल पटनम यांनी हार्मोनिकॅट्स या वाद्यवृंदाच्या ‘पेग ओ’ माय हार्ट’साठी चक्क स्नानगृहाचा निनादकक्ष म्हणून उपयोग केला. १९५७ मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने पोलादी पत्रा थरथरवून निनाद निर्माण करणारे ‘ईएमटी १४०’ हे यंत्र आणले. त्याचे वजन सुमारे २७० किलो होते!

३/
खरी कलाटणी दिली ती बेल प्रयोगशाळेतील मान्फ्रेड श्रोडर यांनी. १९६१-६२ मधील त्यांच्या शोधनिबंधांचा गाभा असा की, दालनातील प्रत्येक प्रतिध्वनी मोजण्याची आवश्यकताच नाही. कानाला पटेल एवढी दाटी पुरे. त्यांच्या मते सेकंदाला सुमारे १००० प्रतिध्वनी झाले की कानाला ते सुटे सुटे जाणवत नाहीत.

त्यासाठी ध्वनी सेकंदाच्या काही शतांश काळ रोखायचा, थोडा क्षीण करायचा आणि पुन्हा त्याच वाटेने फिरवायचा. अशी चार फिरती आवर्तने एकमेकांशी न जुळणाऱ्या विलंबांनी समांतर चालवायची. मग प्रतिध्वनींची दाटी वाढवणाऱ्या दोन गाळण्यांतून तो ध्वनी न्यायचा. दर नमुन्यामागे मोजकेच गुणाकार! ही एक देखणी लबाडी होती, आणि या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाची कल्पनाही बहुधा हीच.

४/
लबाडी उघडी पडे ती टाळी किंवा ढोलासारख्या तुटक आघाती ध्वनींवर. निनादाला धातूचा खणखणाट येई. १९७९ मध्ये जेम्स मूरर यांनी आवर्तनातच उंच स्वर क्षीण करणारी गाळणी बसवून तो पुष्कळ सौम्य केला. दरम्यान ‘ईएमटी २५०’ (१९७६) आणि ‘लेक्सिकॉन २२४’ (१९७८) ही डिजिटल निनादयंत्रे स्टुडिओत दाखल झाली होती. मात्र ती निनादासाठीच घडवलेली स्वतंत्र आणि महागडी यंत्रे होती.

५/
१९९६ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी ही पद्धत आणली आणि निनाद प्लगइनच्या रूपाने घरच्या संगणकात उतरला. आता एकाच प्रोसेसरला सर्व वाद्यांचे ट्रॅक, गाळण्या आणि निनाद यांचा भार वाहायचा होता. भार असह्य झाला की आवाज तुटे, चटचट ऐकू येई. मग संगीतकार काटकसर शिकले : प्रत्येक वाद्याला वेगळा निनाद न देता सर्वांना मिळून एकच द्यायचा, किंवा प्रक्रिया झालेला ट्रॅक कायमचा मुद्रित करून प्रोसेसर मोकळा करायचा.

६/
दुसरा मार्ग निखळ सत्याचा, म्हणजे कन्व्होल्यूशनचा. खऱ्या सभागृहात क्षणिक ध्वनी करून त्याचा घुमारा मुद्रित करायचा आणि तो ध्वनीच्या प्रत्येक नमुन्याशी गुणायचा. हिशेब मांडून पाहावा : सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने तीन सेकंदांच्या घुमाऱ्यात १,३२,३०० नमुने. म्हणजे एका सेकंदाच्या ध्वनीसाठी सुमारे ५८३ कोटी गुणाकार, तेही एकाच वाहिनीसाठी. १९९६ मधील २०० मेगाहर्ट्‌झचा पेंटियम सेकंदाला अवघे २० कोटी ठोके देई!

७/
गणिताने येथे हात दिला. कूली आणि टुकी यांच्या १९६५ मधील जलद फूरिये रूपांतराने हे गुणाकार कितीतरी घटत होते. पण त्यासाठी ध्वनीचा मोठा गठ्ठा साचेपर्यंत थांबणे भाग होते. संपूर्ण घुमाऱ्याएवढा गठ्ठा घेतला, तर गायकाने सूर लावल्यावर निनाद तीन सेकंदांनी उमटणार! शक्ती वाचली, पण वेळ गमावली.

१९९५ मध्ये एमआयटीच्या विल्यम गार्डनर यांनी घुमाऱ्याचे असमान तुकडे केले. आरंभीचा चिमुकला भाग थेट गुणायचा, पुढचे तुकडे क्रमाने मोठे. लहान तुकडे वाजत असताना मोठ्यांचे गणित मागे उरकत राहते. विलंब नाहीसा झाला आणि भारही आवाक्यात आला.

८/
१९९९ मध्ये सोनीचे ‘डीआरई-एस७७७’ हे यंत्र आणि २००१ मध्ये डच कंपनी ऑडिओ ईजचे ‘अल्टिव्हर्ब’ हे प्लगइन यांनी खरी सभागृहे स्टुडिओत आणली. तरी श्रोडर मागे पडले नाहीत. २००० मध्ये सर्वांसाठी खुला केलेला ‘फ्रीव्हर्ब’ त्यांच्याच रचनेवर उभा होता : प्रत्येक वाहिनीला आठ आवर्तने, चार गाळण्या. मुद्रित सभागृह छायाचित्रासारखे स्थिर असते; आवर्तनांचा निनाद मात्र हवा तसा वळवता, लांबवता, हलता ठेवता येतो.

९/
याच सुमारास बिल पटनम यांच्या पुत्रांनी १९९९ मध्ये पुनरुज्जीवित केलेल्या युनिव्हर्सल ऑडिओने तिसरा तोडगा बाजारात आणला. संगणकात ‘यूएडी-१’ हे स्वतंत्र प्रोसेसरचे कार्ड बसवायचे आणि ध्वनीचा भार त्याच्यावर सोपवायचा. पुढे या कार्डावर जी प्लगइन्स चालू लागली, त्यांत वडिलांच्या काळातील तो २७० किलोंचा ‘ईएमटी १४०’ही होता.